शेजारची सीट

गाडीच्या सीटा शिवणाऱ्या काकांना गल्लीतले लोक तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे थांबाकाका. हे नाव त्यांच्या एका शब्दावरून पडलं होतं. कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की काकांना बरोबर नेई. काका गाडीचं दार उघडून आत बसत, सीटवरून हात फिरवत, वाकून खाली बघत, आणि मालक व्यवहाराचं बोलायला घसा खाकरतो न खाकरतो तोच म्हणत, "थांबा." त्या एका शब्दाने आजवर किती सौदे मोडले असतील याला हिशेब नव्हता.

त्यांचं दुकान म्हणजे एका गॅरेजच्या कुशीला चिकटलेली खोली. एक जुनं शिलाई मशीन, कोपऱ्यात फोमचे ढीग, भिंतीला टेकवून ठेवलेले रेक्झिनचे गुंडाळे, आणि खिळ्यांवर लहानापासून मोठ्यापर्यंत टांगलेल्या कात्र्या. इंजिनातलं काकांना ओ की ठो कळत नसे आणि ते तसं आधीच सांगून टाकत. "माझ्यासाठी बॉनेट उघडू नका. तिथलं मला काही समजत नाही." पण सीट त्यांना समजे. चालवणारा माणूस जाड होता की बारीक, तो उतरताना कुठल्या कडेवर भार देई, मागे लहान मुलं बसत की सामान लादलं जाई, हे ते फोम दाबून सांगत. एकदा एक दलाल छातीठोकपणे सांगत होता की गाडी एकाच डॉक्टरांनी वापरलेली आहे, अगदी फुलासारखी. काकांनी मागच्या सीटच्या फटीत दोन बोटं घातली आणि एक एक वस्तू काढून त्याच्या हातावर ठेवली. लहान मुलाचा मोजा, कुणाची तरी किल्ली, केसांचा चाप आणि चार रंगांची बटणं.

"डॉक्टरांचे पेशंट असतील," दलाल म्हणाला.

"असतील की," काका म्हणाले, "पण भाडं देऊन बसत असणार."

अशा गोष्टी गल्लीत फिरत आणि काकांचा भाव वाढे. काकांना मात्र स्वतःची फारशी खात्री नव्हती. थांबा म्हणणं सोपं असतं हे त्यांना आतून ठाऊक होतं. जी गाडी घेतलीच नाही, ती कधी भर रस्त्यात बंद पडत नाही आणि तिच्यापायी कुणी शिव्याही घालत नाही. त्यामुळे झालं असं की, आयुष्यभर गाड्या बघून काकांनी आजवर कुणाला "घ्या" असं म्हटलंच नव्हतं.

आणि मग त्यांच्या लेकीवरच गाडी बघायची पाळी आली.

लेक नर्स होती. लग्नाच्या फंदात ती पडली नव्हती. काकू गेल्यापासून बापलेक दोघंच त्या दोन खोल्यांत राहत, एकमेकांच्या चहात साखर किती यावरून रोज भांडत आणि भांडण उरकलं की एकाच किटलीतला चहा पीत. तिला शेजारच्या गावातल्या मोठ्या इस्पितळात चांगली जागा मिळाली होती. तिथली कामाची पाळी भल्या पहाटे सुरू होई आणि त्या गावाला जाणारी पहिली बस त्यानंतर सुटे. म्हणजे एक तर गाडी घ्यायची, नाहीतर तिकडेच खोली बघायची. एक तारखेला हजर व्हायचं होतं.

खोलीचं काकांना नको वाटे.  पण दोनचारदा तेच म्हणाले, "खोली घेतलीस तर दगदग वाचेल तुझी."

"आणि तुमच्या चहात साखर कोण मोजणार?" लेक म्हणाली. "गाडीच बघू. गाडी बघणारा घरात असताना मी बाहेर कशाला शोधू?"

या बोलण्यावर काका खूश व्हायचे तर धास्तावले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना मनापासून वाटत होतं की समोरची गाडी चांगली निघावी. आणि तेच त्यांना खटकत होतं. आपल्याला लेक घरात हवी म्हणून आपण खटाऱ्यालाही चांगलं म्हणू, आणि एखाद्या पहाटे ती सुनसान रस्त्यावर अडकून पडेल, असा एक किडा त्यांच्या डोक्यात शिरला तो निघेना. त्यामुळे ते नेहमीपेक्षा जास्त कडक झाले. दोन गाड्या त्यांनी दारातूनच परत पाठवल्या.

तिसरी गाडी गॅरेजच्या मिस्त्रीने सुचवली. शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंची होती. राखाडी रंगाची, टपावरचा रंग उन्हाने उडालेला, घरासमोर पत्र्याच्या छपराखाली उभी. सांगितलेली किंमत इतकी कमी होती की मिस्त्रीने फोनवर दोनदा विचारून घेतली.

काका, लेक आणि मिस्त्री असे तिघं बघायला गेले. बाई उंच, कडक इस्त्रीच्या कपड्यांतल्या, मोजून बोलणाऱ्या. त्यांनी किल्ली मिस्त्रीच्या हातात दिली आणि स्वतः पायरीवर उभ्या राहिल्या.

मिस्त्रीने गाडी चालू केली, कान लावला, रस्त्यावर एक फेरी मारून आणली आणि म्हणाला, "इंजिन म्हातारं आहे, पण दम्याचं नाही. चालेल बरीच वर्षं."

"इतकी स्वस्त का देताय?" लेकीने सरळ विचारलं.

"मला आता कुठं जायचं नाही," बाई म्हणाल्या.

काका तोवर चालकाच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले होते. त्या बाजूचं दार जवळ होतं, इतकंच कारण. बसल्याबरोबर त्यांच्या नाकाला वास आला, औषधी, धुतलेल्या फरशीसारखा. त्यांनी पायाखालची चटई उचलली. खाली कोरं करकरीत कार्पेट. जुन्या गाडीत नवं कार्पेट दिसलं की काकांचे कान टवकारत. त्यांनी सीटखाली हात घालून बोल्ट चाचपले. बोटांना गंज लागला. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि सीटची शिवण बघितली. टाक्यांच्या भोकाभोकांत पांढरी पूड अडकलेली होती, पाणी आटलं की मागे क्षार उरतात तशी.

वास, नवं कार्पेट, गंज, क्षार. काकांना एकदम हायसं वाटलं. आता हो म्हणायची जबाबदारी आपल्यावर राहिली नाही. ते बाहेर आले आणि गुडघे झटकत म्हणाले, "थांबा. ही गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली आहे."

मिस्त्रीने बॉनेट खाली घेतलं. लेकीचा चेहरा उतरला. बाईंनी काकांकडे एकदा बघितलं. गाडीजवळ आल्या, काकांनी उचलून ठेवलेली चटई पुन्हा अंथरली, तिच्या कडा तळहाताने सारख्या केल्या आणि दार लावलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "चहा घेऊन जा."

चहा घ्यायला कुणी थांबलं नाही.

 घरात शिरल्यावर लेकीने पर्स खुर्चीवर टाकली. "मी खोली बघते, बाबा."

"अजून एखादी गाडी बघू की."

"कशाला? तुम्ही काय म्हणणार ते मला आत्ताच माहीत आहे." मग आवाज जरा खाली आणून ती म्हणाली, "तुम्हाला एक सांगू? रागावू नका. लोक तुम्हाला गाडी घ्यायला नेत नाहीत. गाडी न घ्यायला नेतात."

"म्हणजे?"

"म्हणजे समोरची मावशी. तिच्या नवऱ्याने गाडीचा हट्ट धरला की येते ना तुमच्याकडे, आमच्या ह्यांच्याबरोबर जरा जाऊन या म्हणून? कोपऱ्यावरचा किराणावाला, मेहुण्याला गाडी नको घेऊन द्यायची म्हणून तुम्हाला घेऊन गेला होता. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. नाही कुणी म्हणायचं, तर तुम्ही म्हणायचं. वाईटपणा परस्पर जातो."

 समोरची मावशी दर वेळी किती आग्रहाने न्यायला येई, परत आल्यावर किती तत्परतेने पाण्याचा ग्लास पुढे करी, ते काकांना आठवलं. आपल्या पारखीचा मान म्हणून तो ग्लास ते इतकी वर्षं ऐटीत पीत आले होते.

काकांचं मन थाऱ्यावर नसलं की ते काहीतरी शिवायला घेत. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक खिडकीशी उभी राहून फोनवर कुणाला तरी खोलीचं विचारत होती, आणि पलंगावरची जुनी गादी कडेला उसवली होती म्हणून काकांनी दोरा ओवायला घेतला. गादीचा तो अभ्रा त्यांनीच शिवला होता, गाडीच्या सीटसारखे जाड टाके घालून. काकू शेवटी याच गादीवर होत्या. उसवलेली कड हातात घेऊन काकांनी अंगठ्याने टाके मोकळे केले, आणि त्यांच्या नखाला पांढरी पूड लागली.

त्यांनी चष्मा लावला. टाक्यांच्या भोकाभोकांत तीच पांढरी पूड. त्यांनी नखाचं टोक जिभेला लावलं. खायचा सोडा.

काकूंच्या पोटात अन्न टिकत नसे, उलट्या होत, तेव्हा काका हीच गादी धूत. लेक तेव्हा शिकायला बाहेरगावी होती. तिला त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. आधी पाणी, मग औषधी साबण, आणि शेवटी वास मारायला मूठ मूठ सोडा चोळायचा, वाळला की झटकायचा. कितीही झटकला तरी टाक्यांत राहायचाच. झटकून झालं की चादर घालून कडा तळहाताने सारख्या करायच्या, म्हणजे काकूंना कळू नये की पुन्हा धुवावी लागली.

सुई बाजूला ठेवून काकांनी कालची गाडी मनात पुन्हा बघितली. पुराचं पाणी गाडीत शिरतं ते काही एकाच सीटपुरतं शिरत नाही. नवं कार्पेट त्यांनी फक्त शेजारच्या सीटखाली बघितलं होतं. मागे त्यांनी बघितलंच नव्हतं. चालकाची बाजू बघितली नव्हती. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा असतो, बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर पाण्याची रेघ उमटलेली असते, हे ते स्वतः दुसऱ्यांना शिकवत, आणि तो पट्टा त्यांनी काल हातात धरला नव्हता. शेजारच्या सीटची पाठ मागे रेलून रेलून ढिली पडली होती, ते मात्र त्यांना बसल्या बसल्या जाणवलं होतं आणि त्यांनी ते सोडून दिलं होतं.

"चल," ते उठून म्हणाले.

लेकीने फोनवर हात ठेवला. "कुठं?"

"काल बघितलेली गाडी बघायला."

"ती तर बुडालेली आहे ना?"

"बुडालेली नाही. मी चुकलो."

लेकीने फोनवरच्या माणसाला नंतर बोलते म्हणून सांगितलं. बाबांच्या तोंडून हे वाक्य ती पहिल्यांदाच ऐकत होती, आणि ते तिला जरा काळजीचंच वाटलं.

वाटेत गॅरेज लागलं. मिस्त्री कुणाच्या तरी स्कूटरखाली होता. बाकावर दोघंतिघं गाडी होण्याची वाट बघत बसले होते.

"काय काका," मिस्त्री खालूनच म्हणाला, "तुमची कमालच आहे. अहो, मला इंजिनात काही दिसलं नाही आणि तुम्ही सीटवरनं पूर ओळखला. सांगितलं मी सगळ्यांना. दोन जण जाणार होते आज ती गाडी बघायला, ते म्हणाले थांबाकाकांनी नाही म्हटलंय ना, मग नको."

 चारचौघांत बोलायचं म्हटलं की काकांना घाम फुटे. ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "ती गाडी बुडालेली नाही."

"आँ?"

"मी नीट बघितलं नव्हतं. चूक माझी आहे. ते दोघं कोण असतील त्यांना सांग, आणि बाकी ज्यांना ज्यांना सांगितलंस त्यांनाही सांग."

बाकावरचे लोक एकमेकांकडे बघू लागले. त्यांतला एक म्हणाला, "काका, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," काका म्हणाले आणि पुढे चालू लागले. लेक मागून आली, तिने त्यांचा हात धरला नाही, पण चाल त्यांच्याइतकी हळू केली.

बाई छपराखालीच होत्या. गाडीवर कापड टाकत होत्या. दोघांना बघून थांबल्या.

काकांनी वाटेत मनाशी बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य जागेवर सापडेना. "काल माझं चुकलं," ते म्हणाले. "तुमची गाडी पाण्यात बुडालेली नाही."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

लेकीला हसू आलं, ते तिने कसंबसं दाबलं.

"मग काल तुम्ही बोलला का नाही?" काकांनी विचारलं.

"काय बोलणार? आमचे हे दोन वर्षं या सीटवर बसून इस्पितळात जायचे. येताना त्यांना सोसायचं नाही. ते सगळं अनोळखी माणसांसमोर काढायचं, ते कशासाठी, तर गाडी विकायला?" बाईंनी कापडाची कड दुमडली. "मला कुणी दया येऊन गाडी घ्यायला नको होती."

"तुम्ही सोडा चोळत होतात ना?" काका हळूच म्हणाले.

बाईंनी चमकून बघितलं.

"आमच्याकडे गादी होती," काका म्हणाले. "टाक्यांतला निघत नाही तो."

"नाही निघत," बाई म्हणाल्या. "मी दात घासायचा ब्रशसुद्धा वापरून बघितला."

"मीसुद्धा."

लेक बाबांकडे बघत राहिली. ती गादी ती रोज झटकत होती. शेवटी तिने गाडीवरचं उरलेलं कापड ओढून काढलं, काहीतरी करायला हवं म्हणून.

आता काकांची खरी पंचाईत झाली. काल त्यांना एकच भीती होती, लेक घरात राहावी म्हणून आपण वाईट गाडीला चांगलं म्हणू. आज तिच्या जोडीला दुसरी आली, बाईंचं वाईट वाटतं म्हणून चांगलं म्हणू. काका बाईंना म्हणाले, "तुम्ही रागावू नका. मी आता ही गाडी अशी बघणार आहे की जणू तुम्ही आणि मी बोललोच नाही."

"बघा," बाई म्हणाल्या. "मी वह्या तपासताना असंच करायची."

काकांनी चारी दारं उघडली. एक एक सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, उन्हात धरून उलटसुलट बघितला. कुठं रेघ नव्हती. चालकाच्या बाजूची चटई उचलली, तिथलं कार्पेट मूळचंच होतं, झिजलेलं आणि कोरडं. बोल्ट स्वच्छ होते. मागच्या सीटच्या फटीत बोटं घातली, एक खडूचा तुकडा निघाला. डिकीतलं जास्तीचं चाक उचलून त्याखालचा खळगा बघितला. चालकाची सीट बाहेरच्या कडेला फक्त एका जागी दबलेली होती, म्हणजे माणूस एकच, हलका, आणि रोज चढउतार न करणारा. मग त्यांनी लेकीला चालकाच्या सीटवर बसायला लावलं आणि स्वतः शेजारी बसले. "चालव," ते म्हणाले. "बाजाराकडून चढाच्या रस्त्याने ने."

चढावर गाडी धापा टाकू लागली, पण थांबली नाही. लेकीने मध्येच ब्रेक दाबला, गाडी सरळ रेषेत उभी राहिली. परत आल्यावर काका उतरले आणि बोटांवर मोजत बोलू लागले. मागचे टायर बदलावे लागतील. सायलेन्सर खोकतो. काच वरखाली करायचा दांडा सैल आहे. टपाचा रंग असाच राहणार, त्याला औषध नाही. क्लच अजून काही महिने जाईल, मग मिस्त्रीला दाखवावा लागेल.

बाई ऐकत होत्या. त्यांनी एकाही गोष्टीला नाही म्हटलं नाही.

"म्हणजे थांबा?" लेकीने विचारलं.

काकांनी तोंड उघडलं. "घे" हा एवढासा शब्द, पण त्यांच्या जिभेला त्याचं वळणच नव्हतं. त्यांनी एकदा लेकीकडे बघितलं, एकदा गाडीकडे. मग खिशात हात घातला, टेप काढला, गुडघा टेकून शेजारच्या सीटची रुंदी मोजली, मग उंची, मग पाठ. खडूच्या त्याच तुकड्याने आकडे त्यांनी आपल्या मनगटावरच लिहिले.

"हे काय करताय?" बाईंनी विचारलं.

"कव्हर शिवतोय," काका म्हणाले. "आतला फोमही बदलतो."

लेक सीटवरून उतरली आणि एकदम बाईंना म्हणाली, "कालचा चहा अजून मिळेल का?"

चहा झाला, व्यवहार झाला, कागदांवर सह्या व्हायच्या त्या झाल्या. निघताना बाईंनी शेजारच्या सीटच्या पाठीवर एकदा हात ठेवला आणि काढून घेतला. "टपाला ऊन लागू देऊ नका," त्या लेकीला म्हणाल्या. "आता लागलं तरी फरक पडत नाही, पण देऊ नका."

घरी जाताना काका त्याच सीटवर मागे रेलून बसले होते. पाठ ढिली होती ती त्यांना आवडली. गॅरेजवरून जाताना बाकावरचे लोक उठून उभे राहिले. मिस्त्री हातातला पाना तसाच धरून बघत राहिला. समोरच्या मावशीने खिडकीतून डोकं काढलं आणि आत वळून नवऱ्याला काहीतरी म्हणाली. नवरा खिडकीत आला. त्याच्या चेहऱ्यावर नवी आशा स्पष्ट दिसत होती.

काकांना त्याला हात करावासा वाटला म्हणून ते काच खाली करायला गेले. दोन फेऱ्यांतच काचेचा दांडा निखळून त्यांच्या हातात आला.

लेकीने तिरक्या नजरेने बघितलं आणि गाडीचा वेग आपोआप कमी केला. ती त्या नेहमीच्या शब्दाची वाट बघत होती.

काकांनी दांडा उलटसुलट करून बघितला, त्याची खाच बोटाने चाचपली आणि तो शर्टाच्या खिशात टाकला.

"बसवू," ते म्हणाले. "तू चल."